लाडाने ठेवलेलं नाव

मावशी नाटकाच्या कपडेपटात शिरल्या की आधी ओठांत चार टाचण्या धरायच्या. कुणाचा झगा सैल, कुणाची बाही तोकडी, सगळं खुणेनेच चालायचं. एक बोट म्हणजे ‘वळ’, दोन बोटं म्हणजे ‘पोट आत घे’. टाचण्या काढल्या की पहिल्याच अक्षरावर त्यांची जीभ अडायची. मग आम्हीच घाईघाईने शब्द पुरा करून द्यायचो.

त्यांना ‘मुकी मावशी’ म्हणायला सुरुवात मी केली.

“अगं, काय हे!” दिग्दर्शक एकदा म्हणाले.

“लाडाने म्हणते हो! त्यांनाच विचारा. काय मावशी, राग येतो का?”

मावशींनी नाही म्हणून मान हलवली. तोंडात टाचण्या असलेलं माणूस आणखी काय करणार?

बारा वर्षं त्या आमच्या संस्थेचं शिवण सांभाळत होत्या. या खेपेला पहिल्यांदाच पडद्यामागच्यांची नावं माहितीपत्रकात छापायची ठरली. यादी माझ्याकडे होती. मावशींनी मला मुद्दाम जिन्यात गाठलं. “ले... ले...”

“लेकीला एक पत्रक ना? ठेवते हो!” म्हणून मी पळाले.

प्रयोगाच्या दुपारी लेक आली, सासूबाईंना घेऊन. “आईचं नाव छापून आलंय,” हे दारापासूनच चाललेलं. मी पत्रक पुढे केलं. तिने ते वरून खाली वाचलं, मग खालून वर.

सासूबाईंनी ते घेऊन मोठ्याने वाचलं, “शिवणकाम, मुकी मावशी. या कोण गं?”

मावशी माझ्या झग्याची कंबर आवळत होत्या. त्यांचा हात थांबला नाही.

“ते आम्ही... लाडाने...” माझी जीभ पुढे रेटेना.

“हो का?” लेक म्हणाली. “आणि तुम्हाला लाडाने काय म्हणतात? ते नाही छापलं?”

माझं नाव अगदी वर होतं. आडनावासकट, ठळक.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी पत्रकांचा गठ्ठा ओढला, पेन उघडलं. दोनशे प्रती होत्या आणि पडदा उघडायला दीड तास.

“मावशी, तुमचं नाव सांगा.”

त्यांनी एकेक टाचणी काढून मनगटावरच्या उशीत खोचली. “व... व...”

शब्द पुरा करून द्यायला सवयीने माझं तोंड उघडलंसुद्धा. पण पुढचं अक्षर मला ठाऊकच नव्हतं. कागदावर पेन टेकवून मी मान खाली घातली आणि थांबले.