लांबची वाट

शांतामावशी गेल्याचा फोन वरूडहून आला, तेव्हा मी अमरावतीला भाजी निवडत बसले होते. महिना उलटला, तरी पटत नाही...

मावशीची संत्र्याची बाग वरूडजवळ. शेतात जायची वाट शेजारच्या वसंतरावांच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून होती. हद्दीच्या भांडणात त्यांनी ती काट्या टाकून बंद केली. त्याच हंगामात शेतात काकांच्या छातीत कळ आली. ट्रॅक्टर नाल्याकडून लांबून न्यावा लागला. काका मावशीच्या मांडीवर, वाटेतच गेले. त्या माणसाला मी मनातल्या मनात शिव्या घातल्या. आजही घालते.

पुढे एका हिवाळ्यात मी मावशीकडे राहायला गेले असताना वसंतरावांची बोअर आटली. संत्र्याला बहरासाठी ताण देतात, म्हणजे पाणी तोडतात, आणि पानं मलूल होऊन गळायला लागली की पुन्हा सोडतात. नेमकी सोडायची वेळ आली आणि त्यांच्याकडे थेंब नाही. मावशीची विहीर मात्र भरलेली. तिनं नुसतं बघत बसायचं होतं, त्यांची बाग आपोआप वाळली असती. मी तर म्हटलं, बरी जिरली!

दुसऱ्या दिवशी पाहते तो मावशी धुऱ्यावरून पाइप ओढत होती. माझं डोकंच फिरलं.

"मावशी, त्याले पाणी? काहून?"

ती पाइप जोडत राहिली. "तुह्या काकाचं तडफडणं पाह्यलं मी. आता झाडाचंही पाहू का?"

"म्हणजे माफ केलं त्याले?"

"माफ कायचं? पाणी देऊन राहिली मी."

वसंतरावांनी त्याच आठवड्यात काट्या काढून वाट मोकळी केली. मावशीनं त्या वाटेवर शेवटपर्यंत पाय ठेवला नाही, नाल्याकडूनच लांबून येत-जात राहिली. त्यांच्या घरचा चहा घेतला नाही, त्यांच्याकडे मान वर करून पाहिलं नाही. अशी खट म्हातारी! पण बोअर दर हिवाळ्यात दगा द्यायची, आणि ताण संपवून पाणी सोडायच्या वेळी मावशी सकाळीच जाऊन पाइपाचा कॉक फिरवून यायची.

तिला मूलबाळ नाही, बाग आता माझ्याकडे आली. गेल्या आठवड्यात शेतात गेले, तर पलीकडची झाडं माना टाकून उभी. वसंतराव टोपी हातात घेऊन धुऱ्याशी थांबलेले. खूप थकलेत. कॉक त्यांच्या पायाशीच होता, पण त्यांनी हात लावला नव्हता. काही मागितलंही नाही.

तो ट्रॅक्टर आठवला, मावशीची मांडी आठवली... खरं सांगते, राग तसूभरही कमी झाला नव्हता.

मग वाकून कॉक फिरवला, आणि त्यांच्याकडे न बघता लांबच्या वाटेनं परत आले.