टाकीत राहिलेली हवा

ते प्रकरण आठवलं की आजही मी आधी स्वतःचं बोट बघते, मग हसते. निजामाचं राज्य होतं. आदिलाबादच्या ठाण्यात बायकांची तलाशी घ्यायला एक बाई लागायची, ती मी. वर्दी नव्हती, नुसता पितळी बिल्ला. पण मी चालायचे अशी की जणू अख्खा जिल्हा माझ्या हुकमात. कोवळ्या वयात विधवा झालेली, ठाण्यामागच्या खोलीत एकटी राहायचे. बिल्ला रोज चिंचेनं घासायचे, कारण घासायला भांडी अशी फारशी पडतच नव्हती.

एका सकाळी एक म्हातारी फिर्याद घेऊन आली. तिचा मुलगा उटनूरच्या रस्त्यावरच्या कारखान्यात लाकूड वाहणाऱ्या लॉऱ्या मशीननं रंगवायचा. त्याचा हात कोपरापर्यंत सुजून काळानिळा पडला होता आणि बोटाच्या टोकाला सुई टोचल्याएवढं भोक. सुनेनं विषाची सुई टोचली, असं म्हातारीचं म्हणणं. नवराबायकोचं नुकतंच वाजलं होतं, हे शेजाऱ्यांनीही सांगितलं. अमीनसाहेब, म्हणजे आमचे ठाणेदार, दवाखान्यात जाऊन आले. मुलगा म्हणाला, काय चावलं ते कळलं नाही. डॉक्टर म्हणाले, आत काय गेलंय ते समजत नाही तोवर इलाज कशावर करू? असंच चाललं तर हात कापावा लागेल.

सुनेला ठाण्यात आणलं. तिला बोलती कर म्हणून साहेबांनी मला तिच्यापाशी बसवलं. ती तोंड उघडेना. मी मात्र दुपारपर्यंत बोलायची थांबले नाही. माझं माहेर, सासर, खोलीतली पाल किती धीट झालीय, सगळं तिला सांगून टाकलं. चौकशी तिची आणि जबानी माझी. कितीतरी दिवसांनी कुणी समोर बसून ऐकत होतं.

तलाशीत काही निघालं नाही. पण ती रडायला लागली, पदरात नाक शिंकरलं, आणि पदर हिरवा झाला. मी तशीच धावत साहेबांकडे गेले नि सांगितलं, जहर सापडलं, हिरवं आहे.

साहेबांनी पदर निरखला. "बाई, ये जहर नहीं, रंग है. उड़ता रंग नाक में गया है. औरत मशीन के पास थी."

ठाण्यातले जवान पुढे कितीतरी दिवस मला 'हिरवं जहर' म्हणायचे.

तिला घेऊन आम्ही कारखान्यात गेलो. हवेची लोखंडी टाकी, ती भरणारं इंजिन, रंगाचा डबा, रबरी नळी आणि नळीच्या टोकाला चाप असलेली पिचकारी. सकाळी दुसऱ्या कुणीतरी थोडं काम करून इंजिन बंद केलेलं होतं. बंद इंजिनाला कोण भितं? मी ऐटीत पिचकारी उचलली, तोंड बुजलंय का बघायला त्यावर बोट ठेवलं आणि दुसऱ्या हातानं चाप चाचपू लागले.

"बोट काढा बाई." तिनं माझा हात झटकला. "टाकीत हवा हाये अजून. त्याचंबी असंच झालं."

एवढं बोलली आणि पिचकारी माझ्या हातातून काढून घेतली. मग हळूहळू, मालकाच्या देखतच, सगळं आलं. घरी सासूसमोर मुक्यानं बसवत नव्हतं, म्हणून ती नवऱ्याची भाकरी घेऊन कारखान्यात यायची, रंग ढवळून द्यायची. बाहेरच्या माणसाला तिथं मनाई होती. त्या दिवशी पिचकारी बुजली. आधी टाकीची हवा सोडायची, चाप दाबून नळी मोकळी करायची, मगच तोंड उघडून घासलेटात धुवायचं, हे मालकानं बजावलेलं. त्यानं नुसतं इंजिन बंद केलं आणि बोटानं रंग पुसायला गेला. चाप दाबला गेला. रक्त नाही, फारसं दुखलंही नाही. रंग मात्र कातडी भेदून आत गेला होता.

"मंग काऊन नाई सांगितलं?" मी विचारलं.

"त्याचं काम गेलं असतं. त्यानंच शपथ घातली." मग म्हणाली, "मले वाटलं, मले पकडून नेलं तं तो सांगन."

साहेबांनी लगेच जवानाला सायकलवर दवाखान्यात पिटाळलं. डॉक्टरांनी बोट चिरलं तर आत हिरवा रंग. हात वाचला, पण दोन बोटं गेली. पहिल्याच दिवशी आला असता तर तीही राहिली असती, असं डॉक्टर म्हणाले. त्या नोकरीत मी मोठमोठ्या जखमा पाहिल्या, पण तेव्हापासून लहान भोक दिसलं की जास्त भिते. आता घर रंगवायला माणसं मशीन घेऊन आली की मी खुर्ची टाकून समोर बसते आणि हवा सोडली का, म्हणून त्यांचं डोकं खाते.

सुटका झाल्यावर तिला न्यायला कुणी आलं नाही. मीच दवाखान्यात पोचवायला गेले. नवरा जागा होता. तिला पाहून त्यानं एवढंच विचारलं, "मालकाले कोणं सांगितलं?"

"मी," ती म्हणाली.

त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं. ती खाटेच्या पायथ्याशी बसली आणि पदरानं त्याच्या हातावरच्या माश्या हाकलू लागली. एकटं पडायला रिकामी खोली लागते, असं मी तोवर समजत होते. मी दारातूनच परत फिरले.