सकाळी उथळ, संध्याकाळी खोल

माझी आत्या नगरपालिकेच्या पाणी खात्यात चावीवाली होती. चावी म्हणजे तिच्या खांद्याला लागणारी लोखंडी दांडी, वर आडवी मूठ, खाली चौकोनी खोबण. रस्त्यातलं झाकण उचलायचं, दांडी आत उतरवायची आणि अंगाचा सगळा भार देऊन फिरवायची, की एका गल्लीचं पाणी सुरू आणि दुसरीचं बंद. ज्याचं पाणी बंद व्हायचं तो तिच्याकडे असा पाही, जणू तिनं त्याच्या ताटातली भाकरी उचलली.

तिच्या स्वतःच्या घरी मात्र नळ नव्हता. ती टेकडीवर राहायची आणि नळाची लाइन टेकडीच्या पायथ्याशी संपत होती. दिव्याखाली अंधार म्हणतात, तशी चावीखाली कोरड. आत्याचे यजमान, म्हणजे आमचे आतोबा, पायथ्याशी सायकल दुरुस्तीचं दुकान चालवत. संध्याकाळी दुकान बंद केलं की सायकलच्या दोन्ही बाजूंना पाण्याचे कॅन अडकवून ते चढ चढायचे. सायकल हाताने ढकलत, मध्ये मध्ये थांबत. चढावर त्यांच्या थांबण्याच्या जागा ठरलेल्या होत्या. त्या जागांशी त्यांची जुनी ओळख होती, माणसांशी असते तशी.

मग त्यांचे गुडघे गेले. डॉक्टर म्हणाले, "चढ टाळा."

आतोबा म्हणाले, "मग घरच टाळावं लागेल."

आत्या हसली नाही. घरी आल्यावर तिने एवढंच म्हटलं, "तुमचे पाय आहेत तोवर दारात नळ आणते." ती बोलली तेव्हा ते खरं होण्याचं काही कारण नव्हतं.

कारण टेकडीवर लाइन न्यायची तर आधी शहरात पाण्याचा साठा हवा होता, साठ्याला अनुदान हवं होतं आणि अनुदान वरच्या सरकारच्या हातात होतं. आमच्या शहरानं नगराध्यक्ष निवडला होता तो विरोधी पक्षाचा. वकील होता, भला माणूस होता. सगळे त्याला वकीलसाहेब म्हणत. पण त्याच्या सहीचा प्रस्ताव भिंतीवर मारलेल्या चेंडूसारखा परत यायचा. शेजारचं शहर सरकारच्या बाजूचं. त्याला चौकात रंगीत दिव्यांचं कारंजं मिळालं. आम्हाला 'विचाराधीन' मिळालं.

अशात कुणाच्या तरी लक्षात आलं की क्रीडामंत्री आमच्या शहराचा जावई आहे. लाकडाच्या वखारवाल्याची धाकटी मुलगी त्याला दिली होती. पक्ष वेगळा असला तरी सासुरवाडी ती सासुरवाडीच. तो सासऱ्यांना भेटायला आला, तेव्हा वकीलसाहेब आणि नगरपालिकेचा ओव्हरसियर वखारीत जाऊन बसले. आत्याला ओव्हरसियरने बरोबर नेलं होतं, कुठल्या गल्लीला किती पाणी जातं ते विचारलं तर सांगायला.

जावयाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "वकीलसाहेब, तुमचं दुःख कळतंय. पण माझ्या हातात पाणी नाही. माझ्या हातात खेळ आहे."

करवतीच्या भुशाचा वास येत होता. तेवढ्यात ओव्हरसियरने, मीठ मागावं इतक्या सहज विचारलं, "साहेब, पोहणं खेळात येतं ना?"

जावयाने आधी सासऱ्यांकडे पाहिलं, मग वकिलाकडे. "येतं की," तो म्हणाला.

असा आमच्या शहराला पोहण्याचा तलाव मंजूर झाला. ज्या शहरात दिवसाआड पाणी येत होतं आणि ज्यात एकाही माणसाला पोहता येत नव्हतं, त्या शहराला. तलावाला पाणी लागतं म्हणून ते धरणावरून खेचायला मोठी मोटार आली. पाणी स्वच्छ हवं म्हणून वाळूची गाळणी आली. पाणी उंचावर साठवायला हवं म्हणून टाकी आली. कागदावर हे सगळं तलावासाठी होतं; प्रत्यक्षात तलावच या सगळ्यासाठी होता. धरणाचं पाणी दिवसभर तलावात यायचं, गाळ खाली बसायचा, पहाटे ते गाळणीतून टाकीत आणि टाकीतून शहरात जायचं. पायथ्यापर्यंतच्या घरांना रोज पाणी मिळू लागलं. टेकडीची लाइन दुसऱ्या हप्त्यात होती, 'तलावाची पूरक वाहिनी' या नावाखाली.

एक चूक मात्र झाली होती. ओव्हरसियरने जन्मभर टाक्या काढल्या होत्या. तलावाचं चित्र काढतानाही त्याच्या हाताने टाकीच काढली. चारी बाजूंना सारखीच खोल, पायऱ्या नाहीत, भिंतीत नुसत्या लोखंडी कड्या. उथळ बाजू नावाची गोष्ट असते हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही, कारण पोहायला शिकावं लागतं हेच कुणाला माहीत नव्हतं. भरलेल्या तलावात पाय टेकायला जागा नव्हती. शहरातले लोक रविवारी येऊन काठावर उभे राहत, आत बघत आणि घरी जात.

आत्याची बदली तलावावर झाली. आठवड्यातून एकदा तलाव रिकामा करून तळाचा गाळ काढायचं काम तिच्याकडे आलं. ती आतोबांची जुनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, लांब दांड्याचा झाडू घेऊन कड्यांवरून खाली उतरायची. त्या निळ्या फरशीवर ती एकटी उभी राहिली की वरून मुंगीएवढी दिसायची. आतोबा काठावर स्टूल टाकून बसायचे. दुकान त्यांनी भाच्यावर सोपवलं होतं. "माझा संसार आता खड्ड्यात गेलाय, तो बघत बसलोय," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

मग सरकारात खांदेपालट झाली. जावयाकडचं क्रीडा खातं गेलं आणि पशुसंवर्धन आलं.

"आता काय," वकीलसाहेब म्हणाले, "गोठे मागायचे?"

नवा क्रीडामंत्री जावयाचा जुना वैरी होता. त्यानं पहिल्याच आठवड्यात आमचा दुसरा हप्ता थांबवला आणि तपासणी लावली. हा तलाव पोहायचा आहे की नाही, नागरिक तो वापरतात की नाही, ते पाहायला एक अधिकारीबाई येणार होत्या. वापरात नसेल तर दुसरा हप्ता रद्द आणि पहिलाही वसूल.

ओव्हरसियरने येऊन आत्याला हे सांगितलं तेव्हा ती तळाशी उभी राहून झाडत होती. तिनं ऐकलं आणि झाडत राहिली. वर मोटार सुरू झाली होती, एका कोपऱ्यातून पाणी यायला लागलं. नेहमी ती अशा वेळी वर यायची. त्या दिवशी आली नाही.

"अगं, वर ये," आतोबा म्हणाले. "पाय भिजतील."

"भिजू देत."

पाणी घोट्यापर्यंत आलं. मग पोटऱ्या. गुडघ्यापाशी आल्यावर तिने झाडू वर फेकला. "दुकानातनं ट्यूब आणता का?"

"कुठली?"

"मोठी. ट्रॅक्टरची असेल तर बरं."

त्यांच्या दुकानात ट्रॅक्टरची ट्यूब कुठली असणार! सायकलच्या चार ट्यूब हवा भरून एकत्र बांधल्या, त्याला दोर अडकवला, दोराचं एक टोक आतोबांनी स्वतःच्या मनगटाला बांधलं. "तू बुडालीस तर मीपण येतो," ते म्हणाले. "तुला एकटीला सोडलं तर मला चहा कोण देणार?"

अशी ती शिकली. शिकवणारं कुणी नव्हतं. पाणीच हळूहळू चढत होतं. सकाळी शहराला पाणी गेलेलं असायचं, तलाव कमरेइतका उरायचा. मग मोटार चालू झाली की तो भरत जायचा. छातीपर्यंत पाणी आलं की ती कडी धरून पाय सोडायची. गळ्यापर्यंत आलं की ट्यूब कवटाळायची. पहिले काही दिवस तिथेच मोटार बंद करायला लावायची. पुढे एक दिवस म्हणाली, "असू दे." पाणी तिच्या डोक्यावरून गेलं आणि ती त्याच्या वर राहिली.

मी तेव्हा तिथे होतो. तिच्या चेहऱ्यावर आनंद होता असं म्हणणं सोपं आहे. तिथे त्याहून शांत काही होतं. जन्मभर जे दुसऱ्यांना वाटत आली, त्याने आता तिला एकटीला उचललं होतं.

"कसं वाटतंय?" आतोबांनी विचारलं.

"वजन नाही," ती म्हणाली. थोड्या वेळानं पुन्हा, "अहो, वजनच नाही."

तपासणीच्या आदल्या दिवशी ओव्हरसियर धावत आला. "उद्या पहाटे शहराला पाणी सोडू नकोस. तलाव काठोकाठ भरलेला दिसला पाहिजे."

"आणि लोकांनी काय करायचं?"

"एक दिवस सोसतील."

"सोसणारे कोण असतात ते मला माहीत आहे," आत्या म्हणाली. "सोडणार."

तिनं सोडलं. त्यामुळे अधिकारीबाई आल्या तेव्हा तलावात कमरेइतकंच पाणी होतं आणि त्याच्या वर, दोन माणसांच्या उंचीइतकी ओली भिंत. वकीलसाहेबांनी तरीही व्यवस्था केली होती. न्हावी, फोटोग्राफर आणि निवृत्त पोस्टमन असे तिघं टॉवेल गुंडाळून काठावर उभे होते.

"हे नागरिक आत्ताच पोहून बाहेर आलेत," वकीलसाहेब म्हणाले.

बाईंनी पोस्टमनकडे पाहिलं. "अंग कोरडं आहे यांचं."

"वय झालं बाईसाहेब," पोस्टमन म्हणाले. "आता ओल धरत नाही."

बाई हसल्या नाहीत, पण चष्मा काढून पुसला. मग तलावाला फेरी मारली. "उथळ बाजू कुठे आहे?"

ओव्हरसियर चपलांकडे बघायला लागला. वकीलसाहेब खोकले. आता संपलं, असं मला वाटलं. टेकडीवरचा नळ मला डोळ्यांदेखत मातीत जाताना दिसला. तेवढ्यात आत्या पंपघरातून बाहेर आली. अंगात आतोबांची पँट आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट.

"उथळ बाजू नाही बाईसाहेब," ती म्हणाली. "उथळ वेळ आहे."

"म्हणजे?"

"सकाळी उथळ असतो, संध्याकाळी खोल. पहाटे पाणी शहराला जातं. मग भरतो. ज्याला जेवढं झेपेल त्यानं तेवढ्या वाजता यावं."

"म्हणजे ही पाण्याची टाकी आहे."

ओव्हरसियरने डोळे मिटले.

"टाकीपण आहे," आत्या म्हणाली. "मी यात पोहते. थांबा, दाखवते. पण भरेपर्यंत बसावं लागेल."

आतोबांनी स्टूल पुढे केलं. बाई बसल्या. मोटार सुरू झाली. आत्या कड्यांवरून उतरली आणि मधोमध जाऊन उभी राहिली, रोजच्यासारखी. चहा आला. पोस्टमन टॉवेलातच बाकावर टेकले. पाणी चढताना बघणं हेही एक काम असतं, हे त्या सकाळी आम्हाला कळलं. बाईंचा चहा संपला, दुसरा आला. पाणी आत्याच्या छातीशी आलं, हनुवटीशी आलं, आणि मग तिनं पाय उचलले. या काठापासून त्या काठापर्यंत गेली, वळली, परत आली. पद्धत काही सुबक नव्हती. हात चावी फिरवल्यासारखे चालत होते. पण ती जात होती.

न्हाव्याने टाळी वाजवली आणि लगेच थांबला.

आत्या बाहेर आली, निथळत. बाईंनी विचारलं, "कपडे कुठे बदलता?"

"घरी."

"घर कुठे?"

आत्यानं टेकडीकडे बोट केलं. "लाइन नाही तिथे. यांचे गुडघे गेलेत पाणी वाहून. त्या लाइनीसाठीच हे सगळं." वकीलसाहेबांनी तिला खुणावलं, पण तिचं बोलून झालं होतं.

बाईंनी टेकडीकडे पाहिलं. मग ओव्हरसियरला म्हणाल्या, "क्रीडा खातं पाण्याची लाइन देऊ शकत नाही."

"नाही बाईसाहेब."

"पण तलाव वापरणाऱ्यांना कपडे बदलायची खोली द्यावीच लागते. आत नळासकट. तुमच्या तलावाचा परिसर कुठपर्यंत येतो?"

ओव्हरसियरला कळायला क्षणभर लागला. "टेकडीपर्यंत," तो म्हणाला. "वरपर्यंत."

"मंत्रीसाहेबांनी मला दोन गोष्टी विचारल्यात," बाई उठता उठता म्हणाल्या. "तलाव आहे का, आणि कुणी पोहतं का. तिसरी विचारलेली नाही."

दुसरा हप्ता आला. नव्या मंत्र्यानेही तो आनंदाने दिला, कारण खोल्यांवर त्याचं नाव लागणार होतं. टेकडीवर गल्लीगल्लीत पांढऱ्या फरशीच्या छोट्या खोल्या उभ्या राहिल्या. प्रत्येकीत एक नळ, कपडे अडकवायला दोन खुंट्या, दारावर मंत्र्याच्या नावाची पाटी. त्यातली एक आत्याच्या दारासमोर आली. पहिल्या दिवशी पाणी आलं तेव्हा चावी तिनेच फिरवली, पायथ्याशी. मग चढ चढून घरी गेली. आतोबा खोलीत उभे होते. शर्ट एका खुंटीवर, टोपी दुसऱ्या खुंटीवर, आणि कॅन नळाखाली.

"कॅन कशाला?" तिने विचारलं. "दारात नळ आहे."

"सवय," ते म्हणाले. कॅन भरला तसा त्यांनी तो उचलला, दोन पावलं टाकली आणि उंबऱ्याच्या आत ठेवला. "झालं. आलं घर."

आत्या पुढे निवृत्त झाली तरी रोज तलावावर जायची. तोवर तिथे बरेच लोक येऊ लागले होते, आपापल्या उंचीप्रमाणे वेळ निवडून. बुटके लवकर, उंच उशिरा. न्हावी चांगला पोहायला लागला. पोस्टमन अजून काठावरच बसतात, टॉवेल गुंडाळून. आत्या दुपार उलटल्यावर, तलाव भरत आल्यावर उतरते, मधोमध जाऊन उताणी पडते आणि कान पाण्यात जाऊ देते. आतोबांनी काहीही हाक मारली तरी तिला मग ऐकू येत नाही. ते मारतातच. दोर अजून त्यांच्या मनगटाला असतो. त्याचं दुसरं टोक कशालाच बांधलेलं नसतं.