आत्याची वलांडी आणि मुरब्याचे फॉरवर्ड

फुटबॉलवर आमच्या आत्याइतका अविश्वास असलेली बाई अख्ख्या पालघर तालुक्यात नसेल, आणि तिच्याइतके सामने पाहिलेलीही नसेल. आमच्या गावाच्या, मुरब्याच्या संघाचा सामना असला की सुक्या बोंबलांची पाटी शेजारणीकडे सोपवून ती सगळ्यांच्या आधी मैदानावर हजर. कशाला, तर "हे काय जिंकत नाय" हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायला. तिचा धाकटा लेक संघाचा मुख्य फॉरवर्ड. अनोळखी माणसालाही थांबवून ती सांगते, "तो नऊ नंबरवाला माजा हाय. गोल मारील म्हणून बगत बसू नका, चणे खा." गोलकीपरला तळलेलं पापलेट पाठवते आणि पोटच्या पोराला वाढते बोंबलाचं कालवण.

यंदा बोईसरच्या स्पर्धेत तर कमालच झाली. तीन सामने, तिन्ही शून्य-शून्य. चौथा जिंकला तरच बाद फेरी, आणि तिथवर आमचं गाव कधीच पोचलेलं नाही. आत्याला दोन दिवस जेवण जाईना. "गोल खाल्ला नाय, बरा हाय. पण मारल्याबिगर फुडं कोन घेतो रं?" मी गमतीनं बोलून गेलो, "आत्या, मारणार कसे? तूच कधी मारू दिलं नाहीस."

खरंच होतं ते. आम्ही सगळे फुटबॉल शिकलो ते किनाऱ्यावर, बोंबील वाळत घालायच्या वलांड्यांमध्ये. वलांडीचे दोन बांबू म्हणजे गोल, आणि मधल्या दोरांवर ओळीनं लटकलेले आत्याचे बोंबील. बॉल जोरात गेला की बोंबील वाळूत आणि खराटा घेऊन आत्या आमच्या मागे. "हळू रं, बोंबील!" ही आरोळी ऐकतच गावातलं एकेक पोर वाढलं. पास द्यावेत तर आमच्या पोरांनी, पण गोलपुढे आलं की सगळ्यांचे पाय देवळात शिरल्यासारखे हळू पडायचे.

दुसऱ्या दिवशी कडक ऊन असताना आत्यानं एक अख्खी वलांडी रिकामी केली आणि लेकाला समोर उभं केलं. "मार!" त्यानं सवयीनं बॉल हळूच ढकलला. "बोंबलासारखा काय मारतंस? मार, मोडली तं मोडली!" संध्याकाळपर्यंत दोन बांबू मोडले आणि आत्या हसून हसून वाळूत बसली.

चौथ्या सामन्यात अगदी शेवटी बॉल तिच्या लेकासमोर आला. त्यानं पाय उचलला, आणि मैदानाच्या कडेनं आत्याच ओरडली, "हळू रं, बोंबील!" सवय, दुसरं काय! पोरानं आयुष्यात पहिल्यांदा आईचं ऐकलं नाही. बॉल थेट जाळ्यात. आत्या ओक्साबोक्शी रडत होती आणि रडतारडताच सांगत होती, "फुडच्या म्याचचं काय खरं नाय हां."

ती वलांडी अजून रिकामीच असते. कंपनीतून सुटी मिळाली की मी मुरब्याला जातो, तेव्हा पोरं तिथं धाडधाड बॉल मारत असतात आणि आत्या ओट्यावर गुडघे चोळत नुसती बघते. परवा पोरांनी बॉल माझ्याकडे टाकला. मी पाय उचलला आणि तसाच थांबलो, आत्या ओरडेल म्हणून. ती ओरडली नाही, आणि मला मारवेना.