केवळरामभाऊंचं सोमवारचं पाणी

आमच्या दवाखान्यात बाळंतिणींना आंघोळीला कढत पाणी मिळायचं ते केवळरामभाऊंमुळे. मी तिथली नर्स. पहाटे बॉयलरच्या खोलीत हात शेकायला गेले की पाय तिथून हलायचे नाहीत. लाकडांचा जाळ, ओतीव लोखंडाची ती काळी पेटी, आतून येणारी पाण्याची गुणगुण आणि शेजारी डोळे मिटून बसलेले भाऊ. "नदी आयकून राह्यलो, सिस्टर," म्हणायचे. मार्कंड्याच्या महादेवाच्या देवळापासून खालच्या अंगाला वैनगंगेकाठी त्यांचं गाव, घर मासे धरणाऱ्यांचं. मीही डोळे मिटायचे. खरंच नदी ऐकू यायची. दहा मिनिटांचा अर्धा तास व्हायचा आणि तिकडे वॉर्डात माझ्या नावानं शंख सुरू व्हायचा.

पेटीतलं पाणी आंघोळीला जात नसे. ते तापून नळीतून फिरायचं, टाकीतलं पाणी तापवायचं आणि परत पेटीत यायचं. म्हणजे तेच ते पाणी. हे काही भाऊंना पटत नव्हतं. त्यांच्या घरी रोज सकाळी पाण्याचे गुंड, म्हणजे हंडे, रिकामे करून, घासून, नवं पाणी भरतात. शिळं ठेवत नाहीत. म्हणून रविवारी दुपारी जाळ विझवायचा, पेटी निवू द्यायची आणि सोमवारी पहाटे जुनं पाणी नालीत सोडून विहिरीचं ताजं भरायचं. असं बावीस वर्षं. मला ते फार आवडायचं. लोखंडाचीही कुणी एवढी माया करतं!

यंदा महाशिवरात्रीला भाऊ मार्कंड्याच्या जत्रेला गेले. जाळ सांभाळायला धुलाईघरातली सोमारी आली. नवरा गेलेली, दोन पोरींना एकटीनं शिकवणारी बाई. सोमवारी तिनं भाऊंसारखंच पाणी बदललं, जाळ घातला. थोड्या वेळानं खट् आवाज झाला. पेटीच्या मागच्या सेक्शनला, म्हणजे जोडून बसवलेल्या भागाला, वीतभर तडा गेला आणि पाण्याची धार जाळावर पडू लागली.

मोठे डॉक्टर भडकले. गरम लोखंडावर गार पाणी पडलं की ते तडकतं, हे सगळ्यांनाच ठाऊक. सोमारीनं पेटी आधी निववली होती, पण ते ऐकायला होतं कोण?

"पाणी बदलायला कोणी सांगितलं होतं?"

"माह्याच हातानं झालं," सोमारी म्हणाली.

तिला कामावरून काढायचा कागद टाइप झाला. मला सगळं माहीत होतं. बोलले असते तर भाऊ अडकले असते, म्हणून मीही तोंड उघडलं नाही. त्याची लाज मला अजून वाटते.

दुसऱ्या दिवशी भाऊ प्रसादाची पुडी घेऊन परतले. सोमारीनं त्यांना गेटवरच गाठलं. "चूप राहा भाऊ. तुमचं नाव नाई घेतलं मी."

भाऊ तसेच डॉक्टरांच्या खोलीत शिरले. "तिले मीच सांगून गेलो होतो, साहेब. बावीस वर्षं मीच बदलून राह्यलो. शिळं पाणी बाळंतिणीच्या कामाले कसं लावाचं?"

दुपारी नागपूरहून बिरजू मेकॅनिक आला. त्यानं सेक्शन उतरवून फोडला. आत दोन बोटं जाड पांढरा थर होता.

"चुना आहे हा," बिरजू म्हणाला. "जुनं पाणी आपला चुना एकदाच सोडते. दर नव्या पाण्यासंगं नवा येते. मंग पाणी लोखंडाले शिवतच नाई, अन् जाळ लोखंडाले खाते. हे एका सोमवारचं काम नाई, साहेब."

डॉक्टरांनी कागद फाडला. भाऊ मात्र चुन्याचा तुकडा हातात घेऊन तिथंच बसले. "म्हंजे मीच मारलं या पेटीले," म्हणाले, आणि रडले. मलाही राहवलं नाही.

नवा सेक्शन बसला. आता जाळ सोमारीनं सांभाळावा, असं भाऊंनीच डॉक्टरांना सांगितलं होतं. पेटी भरायची वेळ आली तेव्हा ते दाराबाहेर उभे होते. सोमारीनं त्यांना हाताला धरून आत आणलं आणि पाण्याची नळी त्यांच्या हातात दिली.

"तुम्हीच भरा, भाऊ," ती म्हणाली. "पण एकदाच."