दूध बंद करा म्हणे!

आज सकाळी कामतघरच्या एका आरोग्य शिबिरात गेले होते. अजून डोकं शांत झालेलं नाही.

आहारतज्ज्ञ म्हणवणारा एक जण चार वर्षांच्या ऑटिस्टिक मुलीच्या आईला सांगत होता, "दूध, गहू बंद. आतडी साफ झाली की मुलगी बोलेल."

मी ताडकन उठले. "आजवर किती पोरी बोलल्या, दाखव ना!"

हेच मी नव्वद सालच्या आसपास ऐकलंय. माझी धाकटी बहीण छाया पाच वर्षांची होती, बोलत नव्हती. दूधभाताशिवाय काही खायची नाही. चाळीत येणारा वैद्य म्हणाला, "पोटात घाण हाय. दूध बंद, रोज एरंडेल पाजा."

आई-पप्पा कापडाच्या लूमवर ड्युटीला, म्हणून दुधाच्या पातेल्यावर पहारा माझा. आठव्या दिवशी छाया पप्पांच्या शर्टाला चिकटलेला कापूस वेचून खात होती.

बोलली नाहीच.

पोट दुखत असेल तर डॉक्टरला दाखवा ना. पण लेकराच्या घशाखाली उतरणारा एकच घास हिसकावताना लाज कशी वाटत नाही?

छाया आता चाळिशीची आहे. अजूनही दुधाचा पेला दोन्ही हातांनी धरते, आणि मी खोलीत आले की भिंतीकडे तोंड फिरवून पिते.