समुद्र आटलाय, असं मी म्हणालो

आधी चहा संपवा. कप खाली ठेवल्यावरच सांगतो, नाहीतर हसताना अंगावर सांडाल आणि त्याचंही खापर माझ्यावर फोडाल. माणूस चुकतो हो, कोण चुकत नाही? पण एखाद्या माणसानं समुद्रालाच चूक ठरवलं, असं कधी ऐकलंय का तुम्ही? मी ठरवलं. तेही चारचौघांत, मोठ्या आवाजात!

मला तर ओळखताच. धाराशिवकडच्या वाशीत माझं मोटारपंपाचं दुकान. पाणबुडी मोटार, पाइप, केबल, स्टार्टर. आमच्या भागात पाणी म्हणजे काय चीज आहे हे नव्यानं सांगायला नको. सोयरीक जमवताना मुलाच्या पगाराआधी त्याच्या विहिरीत डोकावतात आमच्याकडं. बोअरला पाणी किती, मोटार किती खाली सोडायची, हे विचारायला लांबलांबची माणसं माझ्याकडं येतात. त्यामुळं पाण्यातलं आपल्याला कळतं असा माझा समज झाला होता. समज कसला, माजच तो!

तर माझ्या बायकोला समुद्र बघायचा होता. आजकालचं नाही, लग्न झालं तेव्हापासून. महानंदा उमरग्याकडची, अर्धी कानडी. लग्नानंतर तोंड उघडून तिनं पहिल्यांदा काही मागितलं ते हेच. "मला एकदा समुद्र दावा." मी म्हणालो, दावतो की! आणि नेलं कुठं? नळदुर्गच्या किल्ल्यात धबधबा बघायला. ऐन उन्हाळ्यात! धबधब्याच्या जागी नुसता कोरडा दगड. तिनं त्या दगडाकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, बस्स.

पुढं पोरं झाली, दुकान वाढलं, पोरं शिकायला बाहेर पडली. दरवर्षी मी 'पुढच्या उन्हाळ्यात नक्की' म्हणायचो. मग तिनं विचारायचंच सोडलं. खरं सांगू? विचारत होती तोवर बरं होतं. विचारायची बंद झाली तेव्हा मला आतून कसंतरीच व्हायला लागलं.

म्हणून यंदा ठरवलं. आठवडाभर दुकानाला कुलूप! बरोबर साडू रमाकांतराव आणि मेव्हणी सुरेखा. साडू धाराशिवला कचेरीत असतात. ते एकदा गोव्याला जाऊन आलेत. गेले एकदाच, पण सांगतात रोज.

"आप्पा, प्लॅन माझ्यावर सोडा," ते म्हणाले. "सरळ गोवा धरू."

"प्लॅन मी करणार," मी म्हणालो. "ह्यात शहर बी पायजे, जंगल बी पायजे आणि समुद्र बी पायजे. अन् जिथं मुक्काम, तिथं पाणी पायजे."

"समुद्रावर चाललोय आप्पा आपण. पाण्याला काय तोटा?"

"ते मला सांगू नका. पाण्यात आयुष्य गेलं माझं."

महिनाभर दुकानात दुसरं काम नाही. पाइपच्या कंपनीचं कॅलेंडर उलटं करून त्यावर मी रस्ता काढला. आधी कोल्हापूर, मग राधानगरीचं जंगल, मग फोंडा घाट उतरून खाली मालवणच्या अंगाला समुद्र. शेतकरी यायचा, "आप्पा, मोटार जळालीय, ऊस वाळाय लागलाय." मी म्हणायचो, "आधी हे बघ, घाट सकाळी उतरावा का दुपारी?" तो बिचारा म्हणायचा, "आप्पा, मला बार्शीच्या पुढं काय बी ठावं न्हाय. तुमी मोटार द्या."

आणि लॉजवाल्यांना फोन! लोक विचारतात खोली कशी, जेवण कसं. माझा पहिला प्रश्न, "पाण्याचं कसंय तुमच्याकडं? उन्हाळ्यात टिकतंय का?" कोल्हापूरचा लॉजवाला म्हणाला, "पाव्हणं, नदीकाठाला ऱ्हातोय आमी." समुद्राकडच्या लॉजवाल्यांनी, वयस्कर काका होते ते, मला सरळ फोटोच पाठवला. खाडीच्या तोंडाशी लॉज, दारात माड, आणि लॉजच्या पायरीला पाणी लागलेलं. मी तो फोटो अख्ख्या वाशीला दाखवला. महानंदाला दाखवला तेव्हा तिनं फोन हातात घेतला आणि बराच वेळ परत दिला नाही.

माझी जीप काढून निघालो. कोल्हापूर झकास झालं. अंबाबाईचं दर्शन घेतलं, संध्याकाळी रंकाळ्यावर गेलो. एवढं पाणी बघून मी खूश. महानंदा मात्र संशयानं माझ्याकडं बघत म्हणाली, "ह्योच समुद्र म्हणून दावताव का काय?"

नळदुर्ग विसरली नव्हती बाई.

राधानगरीच्या जंगलात गवा दिसला, म्हणजे त्याची पाठ दिसली. मग घाट उतरलो आणि दुपारी काकांच्या लॉजवर पोचलो. फोटोतली पायरी होती. माड होता. पाणी तेवढं नव्हतं.

नव्हतं म्हणजे नव्हतंच! पायरीच्या खाली लांबच लांब काळा चिखल. मधून एक बारकी धार चाललेली, आमच्या ओढ्यापेक्षाही बारीक. होड्या कुशीवर पडलेल्या. खाडीच्या तोंडाशी वाळूचा उंच पट्टा उघडा पडलेला, त्याच्या पलीकडचं काही दिसत नव्हतं. खेकडे निवांत हिंडत होते. मे महिन्यातला आमचा तलाव उचलून तिथं नेऊन ठेवल्यासारखं सगळं!

साडू जीपमधून उतरले आणि कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "आप्पा, समुद्र कुठाय?"

महानंदानं चिखलाकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. तीच नळदुर्गची नजर!

फसलो होतो हो मी. पण कबूल कोण करणार, आणि ते साडूंच्या पुढं? मी पायरी उतरलो, वाकून चिमूटभर चिखल घेतला, दोन बोटांत चोळला आणि निकाल दिला.

"आटलाय."

"कोण? समुद्र?" मेव्हणी किंचाळलीच.

"मग! यंदा पाऊस बघितला का किती कमी झालाय? पाणी खाली गेलंय. आता जूनशिवाय येत न्हाय."

एवढ्यात लॉजवाले काका पंच्यानं हात पुसत बाहेर आले. म्हणाले, "ओहोटी असा ती. सांजेक येतला पाणी."

"काका, ओहोटी आमी बी शिकलोय शाळेत. ओहोटी म्हंजे हातभर पाणी मागं सरकतंय. हितं तर तळ उघडा पडलाय!"

"येतला हो, येतला."

"कशानं येतंय? टँकरनं?"

काकांनी पंचा खांद्यावर टाकला आणि ते आत निघून गेले. मला वाटलं, जिंकलो!

साडूंना तर मी हिशेबच मांडून दाखवला. ही एवढी रुंदी, ही एवढी खोली. सांजच्याला हे भरायचं तर किती एचपीची मोटार लागेल? असली मोटार जगात अजून निघालेली नाही. साडूंचा गोवा सगळा हॉटेलातल्या गादीवरचा, त्यामुळं त्यांनाही ते पटलं. फक्त म्हणाले, "गोव्यात असं नव्हतं बुवा."

महानंदा हळूच म्हणाली, "अहो, ते हितलंच माणूस हाय. सांजपतूर बसू की."

"चिखल बघत बसतीस का?"

ती बसली. पायरीवर पदर सावरून, तोंड खाडीकडं करून, खरंच बसली.

आता या वेळी जो माणूस खोलीत जाऊन झोपला असता, त्याला शहाणा म्हणतात. मी झोपलो नाही, कारण माझं लक्ष त्या चिखलाकडं गेलं. चिखल कसला, गाळ! काळाभोर, लोण्यासारखा. तुम्हाला माहीत आहे, आमच्याकडं तलाव आटला की गाळासाठी ट्रॅक्टरची रांग लागते. गाळ टाकलेल्या रानात ज्वारी अशी उठते की आत शिरलेला माणूस दिसत नाही. आणि इथं एवढा गाळ पडलाय, फुकट, आणि एक माणूस फावडं घेऊन आलेला नाही! मी साडूंना म्हणालो, "कोकणातली माणसं लई आळशी बघा."

येताना आंबे-नारळ भरून आणायला मी रिकामी पोती घेतली होती. आंबे काय, बार्शीलाही मिळतात! काकांच्या अंगणातलं फावडं आणि घमेलं उचललं. होड्या ओढायच्या उतारावरून जीप थेट खाली घातली. आपल्याला काय नवीन? आटलेल्या तलावात गाडी घालतच मोठे झालो आपण. साडूंना हाक मारली तर म्हणाले, "माझी पँट पांढरी हाय."

एकट्यानं भरायला लागलो. सहा पोती झाली आणि जीप मागून खाली बसली. चालू करून बघितली तर चाक जाग्यावरच गरगर फिरलं आणि गाळ माझ्याच शर्टावर. आता पोती उतरवावीत की नाही? पण नाही! म्हटलं, अडकलोच आहे तर आणखी दोन भरून घेऊ, मग गडी बोलावू.

(तो गाळ खारट असतो, रानात टाकला तर गवतसुद्धा उगवायचं बंद होतं, हे मला नंतर कळलं. शिकलेल्या माणसाला सगळं नंतरच कळतं.)

फावडं मारता मारता पायाला गार लागलं. बघतो तर घोट्यापर्यंत पाणी! आणि मी काय समजलो असेन? सांगायची लाज वाटते. वीस वर्षांचा धंदा, सवय कुठं जाते? मी दोन्ही हात वर करून ओरडलो,

"रमाकांतराव! झरा लागला! झरा!"

साडू पळत पायरीवर आले. तोवर झरा गुडघ्याला आला होता. मी म्हटलं, काय जिवंत झरा आहे! मग माझी एक चप्पल समोरून तरंगत गेली, आणि माझ्या लक्षात आलं की झरा चारी बाजूंनी येतोय. कुशीवर पडलेल्या होड्या एकेक करून उठून बसल्या. मी पळायला गेलो तर पाय गाळात मांडीपर्यंत. पोहता येत नाही मला. आमच्या गावात पोहायला शिकायचं म्हणजे आधी विहिरीत पाणी तर हवं! कसाबसा जीपपाशी पोचलो, बॉनेटवर चढलो, बॉनेट बुडायला लागलं तसा टपावर चढलो. पाणी खिडकीतून आत गेलेलं माझ्या डोळ्यांनी बघितलं. जीपचं पुढं काय झालं ते विचारू नका. आमचं घर सात पिढ्यांचं शाकाहारी, पण दार उघडलं की अजून जीपमधून मासळीचा वास येतो.

पायरीवर आता जत्रा जमली. शेजारपाजारची माणसं आली. मेव्हणी फोन धरून शूटिंग करत होती. साडूंनी तोंडाला हातांचा भोंगा केला.

"आप्पा! ह्या साली जून लवकर आला हो!"

टपावर मांडी घालून बसलो होतो, एका पायात चप्पल. काका दोन माणसं घेऊन होडीतून निघाले, हातात दोर. एका शब्दानं टोमणा मारला नाही त्या माणसानं, त्याचीच जास्त लाज वाटली.

मग माझं महानंदाकडं लक्ष गेलं. ती अजून त्याच पायरीवर होती. पाणी पायरीला लागलं होतं, थेट फोटोतल्यासारखं. तिनं लुगडं जरा वर धरून दोन्ही पाय पाण्यात सोडले होते. खाडीच्या तोंडाचा वाळूचा पट्टा बुडाला होता, पलीकडं सगळा समुद्र दिसत होता, सूर्य टेकलेला, आणि लाटा आत येत होत्या. तिनं तोंडावर हात धरला होता. हसत होती का रडत होती, टपावरून कळेना. जीप बुडालेली, अंग चिखलानं माखलेलं, तरी माझा ऊर भरून आला, खोटं नाही सांगत.

काकांनी होडी पायरीपाशी थांबवली आणि तिला विचारलं, "वयनी, आधी गाडी काढू काय माणूस?"

मी तिकडून ओरडलो, "अगं नंदा, माणूस म्हण! दोर टाकायला सांग त्यांना!"

तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. समुद्रावरची नजर न काढता एक हात तेवढा वर केला.

"साकु, पुरे आता! गप बसा ओ जरा! इतक्या वर्सांनी समुद्र आलाय, बघू तरी द्या. तुमाला काय, रोजच बघती मी!"

काकांनी दोर खाली ठेवला आणि निवांत विडी पेटवली.